अनोळखी बाईचा डबा, परत करायचा तर कसा?

सुरंगी | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणतेय, आज लिहितेच. आईला लांज्याहून कायमचं माझ्याकडे बदलापूरला आणायचं ठरलंय, म्हणून गेल्या आठवड्यात गावी घर आवरत होतो. भावाने जुनी भांडी मोडीत द्यायला गोणीत भरली. त्यात एक स्टीलचा डबा होता, मध्यम आकाराचा, एका बाजूला पोचा आलेला. आईने गोणीत हात घालून तो बाहेर काढला आणि काही न बोलता परत फळीवर ठेवला. तो डबा आमचा नाही.

२०१४ च्या मे महिन्यात बाबांना उपचारासाठी परळला आणलं होतं. घशाचा कॅन्सर, खूप पुढे गेलेला. आई आणि मी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलो होतो, टाटाला आलेले बरेच पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. आमच्या शेजारी परभणीकडच्या एक बाई होत्या, त्यांच्या नवऱ्यावर उपचार चालू होते. जिन्यात, नळावर भेट व्हायची, 'आज कसं हाय' एवढंच बोलणं. मी तर त्यांना नावही विचारलं नव्हतं.

बाबा पहाटे गेले. कागद पूर्ण होऊन शववाहिका मिळेपर्यंत संध्याकाळ झाली, भाऊ गावी पुढची तयारी करत होता. आम्ही दोघी सामान घ्यायला धर्मशाळेत गेलो. आई भिंतीला टेकून बसली ती बसलीच, मी पिशव्या भरत होते आणि काय भरतेय ते मला कळत नव्हतं. त्या बाई आल्या, माझ्या हातातून पिशवी घेतली, सगळं नीट घड्या घालून भरलं. मग आपल्या गाठोड्यातून हा डबा काढला. त्यांचा भाऊ आदल्या दिवशी गावाहून ज्वारीच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आला होता, ती त्यांची स्वतःची दोन-तीन दिवसांची सोय होती. ती सगळी आमच्या हातात. मी नको नको म्हणाले तर म्हणाल्या, "घरी गेल्यावर चूल पेटायची न्हाई माय. वाटंत खाऊन घ्या. रडायला बी ताकद लागती."

बाकी काही बोलल्या नाहीत. सगळं ठीक होईल, देवाची इच्छा, यातलं काही नाही. आईच्या डोक्यावरचा पदर सारखा केला आणि निघून गेल्या.

तेव्हा मुंबई-गोवा हायवेचं काम चालू होतं, लांज्याला पोचायला रात्र गेली. वडखळला ड्रायव्हरने चहाला गाडी थांबवली तेव्हा आईने डबा उघडला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा खाल्लं. मीही खाल्लं. बाबा मागे होते आणि आम्ही भाकरी खात होतो, आणि आजतागायत मला त्याची लाज वाटलेली नाही, उलट तेवढा एकच क्षण त्या रात्रीत माणसासारखा होता.

डबा परत करायचा राहिला तो राहिलाच. झाकणावर मशीनने नाव घातलेलं आहे: आधी 'के.', मग एका बाईचं नाव, आडनाव, खालची ओळ घासून गेलीय, शेवटी फक्त 'र्थ' की 'र्य' असं काहीतरी, आणि १२-३-०९. नाव इथे टाकत नाही, कुणाचं तरी खरं नाव आहे ते. मी आणि भाऊ इतकी वर्षं त्यांना त्याच नावाने ओळखतो, 'अमुकबाईंचा डबा'. आई मात्र 'परभणीची' म्हणते.

आता प्रश्न. त्यांना शोधावं का? डबा परत करावा का? आणि तुमच्या दुःखाच्या वेळी असं कुणी अनोळखी भेटलं होतं का, त्याचं ऋण तुम्ही कुठे ठेवलंत?

---

मधुमालती | सोमवार, रात्री १०:४०

वाचताना घशात अडकलं गं. आमच्याकडे याला कडू घास म्हणतात. ज्या घरात माणूस गेलं तिथे त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, शेजारपाजारचे किंवा सोयरे पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि जबरदस्तीने दोन घास खायला लावतात. त्या बाईंना माहीत होतं की तुमचं घर रात्रभर लांब आहे आणि वाटेत शेजारी कुणी नाही. त्या तुमच्या शेजारी झाल्या.

आणि आमच्याकडे तरी कडू घासाचा डबा परत करताना रिकामाच देतात. एरवी रिकामा डबा परत द्यायचा नाही म्हणून चिमूटभर साखर तरी घालतोच, पण या डब्यात नाही.

---

चहाबाज | सोमवार, रात्री १०:५५

वडखळच्या चहाचं वाचून थांबलो. माझे काका गेले तेव्हा पेणच्या पुढे एका टपरीवाल्याने आमची गाडी बघून पैसेच घेतले नाहीत. फक्त म्हणाला, 'सावकाश जा'. पंधरा वर्षं झाली. त्या रस्त्याने गेलो की तिथेच चहा पितो, आता त्याचा मुलगा बसतो.

---

पंचगंगा | सोमवार, रात्री ११:२०

ऋण कुठे ठेवलं विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या कोल्हापुरात महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते. पंचगंगा स्मशानभूमीत दहन शेणींवर होतं आणि त्यातल्या कितीतरी शेणी लोकांनी दान दिलेल्या असतात. होळीच्या आसपास तालमी, मंडळं आवाहन करतात की होळी लहान करा आणि शेणी दान करा, मग ट्रॅक्टर भरभरून शेणी स्मशानात जातात.

आजीच्या वेळी मी एकवीस वर्षांचा होतो, खिशात पैसे नव्हते, वडील आधीच गेलेले. तिथे गेल्यावर कळलं की काही द्यायचं नाही. ज्या शेणींवर माझी आजी जळाली त्या कुठल्यातरी पेठेतल्या कुणीतरी दिल्या होत्या, त्याला माझी आजी माहीत नव्हती, मला तो माहीत नाही. तेव्हापासून दर होळीला आमच्या घरून पाचशे शेणी जातात. कुणासाठी, ते मी विचारत नाही.

---

स्पष्टच | मंगळवार, सकाळी ८:०५

सगळ्यांपेक्षा वेगळं लिहितेय, राग मानू नका.

माझा नवरा अपघातात गेला. मी चौतीस वर्षांची होते. त्यानंतरचे कित्येक महिने अनोळखी लोकांची माया मला नकोशी व्हायची. लोकलमध्ये एका बाईंनी माझ्या गळ्याकडे बघून विचारलं, सांगितलं तर त्यांनी माझा हात धरला आणि ठाण्यापासून दादरपर्यंत मलाच त्यांचं सांत्वन करावं लागलं कारण त्याच रडायला लागल्या. त्यांचं मन चांगलंच होतं. पण मला तेव्हा फक्त खिडकीबाहेर बघायचं होतं.

मला खरा आधार दिला तो वॉर्ड ऑफिसमधल्या एका क्लार्कने. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असते हे मला माहीत होतं, बाकी काहीच नाही. त्यांनी मला खुर्ची दिली, फॉर्म स्वतःकडे ओढला, एकेक रकाना विचारून भरला. 'कधी' आणि 'कुठे' विचारलं, 'कसं झालं हो' असं एकदाही नाही. मग म्हणाले, "दाखल्याच्या दहा प्रती घ्या. बँक, विमा, प्रॉव्हिडंट फंड, सोसायटी, लाईट मीटर, सगळीकडे एकेक मागतात. परत परत इथे यायला लागू नये." दहाच्या दहा लागल्या. दर वेळी एक प्रत देताना मला तो माणूस आठवायचा. त्याने माझे नऊ हेलपाटे वाचवले. प्रत्येक हेलपाट्याला मला 'मयताचे नाव' म्हणून त्याचं नाव लिहावं लागलं असतं.

म्हणून मला वाटतं, अनोळखी माणसाने जवळ येऊ नये, काम करावं आणि बाजूला व्हावं.

---

सुरंगी | मंगळवार, सकाळी ८:३०

@स्पष्टच, राग कसला. त्या बाईंनी पण तेच केलं ना, पिशवी भरली, भाकरी दिली, गेल्या. तुमचा तो क्लार्क आणि आमच्या त्या बाई एकाच गावच्या वाटतात मला.

---

स्पष्टच | मंगळवार, सकाळी ८:४१

हो. ते खरं. पदर सारखा केला ते वाचताना मात्र मला रडू आलं, म्हणजे मी म्हणते तेवढी मी कोरडी नाहीये.

---

औसेकर | मंगळवार, दुपारी १:१५

मी कधी लिहीत नाही, फक्त वाचतो. आज लिहितो.

१९९३ ला मी दहा वर्षांचा होतो, गाव किल्लारीच्या जवळच, औसा तालुका. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती, गणपती शिरवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे तीन छप्पन्नला भूकंप झाला. आमच्याकडची घरं दगड-मातीची, जाड भिंती, वरून मातीचं जड माळवद. थंडीला आणि उन्हाला चांगलं घर, पण त्या पहाटे तेच माळवद झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं. माझी आजी आणि धाकटी बहीण त्याच्याखाली होत्या. आई-बाप आणि मी अंगणात झोपलो होतो म्हणून राहिलो.

मिलिटरी आली. आमच्या घराच्या ढिगाऱ्यावर जे जवान काम करत होते त्यातला एक दक्षिणेकडचा होता, कुठला ते मला तेव्हा कळण्याचं वय नव्हतं. त्याला मराठी येत नव्हतं आणि मला हिंदीसुद्धा धड येत नव्हती. आजीला काढत होते तेव्हा तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, माझं तोंड ढिगाऱ्याकडून वळवलं आणि आपल्या शर्टाची बटणं मला मोजायला लावली. एकेक बटणावर बोट ठेवायचा आणि त्याच्या भाषेत आकडा म्हणायचा, मी मराठीत म्हणायचो. एक, दोन, तीन, परत वरून एक, दोन, तीन. किती वेळ गेला सांगता येत नाही. मी वळलो तेव्हा आजीवर चादर होती.

मोठा झाल्यावर मला कळलं त्याने काय केलं. मला ते बघू दिलं नाही. माझ्याकडे आजीची शेवटची आठवण आदल्या रात्रीची आहे, प्रसादाची खिरापत वाटणारी.

मदत खूप आली त्या वेळी. कपडे, धान्य, पत्रे. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने हजारावर मुलं शिकायला पुण्याला नेली, त्यात आमच्या शेजारचा एक पोरगा होता, आज चांगला स्थिरावलाय. त्या सगळ्यांचे उपकार आहेतच. पण मला विचाराल तर मला बटणं आठवतात. ताई, मी त्या जवानाला कसा शोधणार? माझ्याकडे तर डबा पण नाही. तुमच्याकडे आहे तो जपा.

---

मधुमालती | मंगळवार, दुपारी १:५०

औसेकर, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. एवढंच.

---

मॅपलचं_पान | मंगळवार, दुपारी ३:०२ (इथे पहाट आहे)

टोरांटोहून. आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी एअरपोर्टच्या वाटेवरच होते, आजारी आहे म्हणूनच निघाले होते, पोचण्याआधीच संपलं. चेक-इन झालं, सिक्युरिटी झाली, सगळं यंत्रासारखं. गेटजवळच्या वॉशरूममध्ये गेले आणि पाय गेले माझे, तिथेच खाली बसले. साफसफाई करणारी एक वयस्कर पंजाबी बाई होती. तिने बाहेर 'सफाई चालू' ची पिवळी पाटी लावली आणि दार लोटून घेतलं, म्हणजे कुणी आत येऊ नये. आणि माझ्या बाजूला फरशीवर बसली. 'रो ले पुत्तर' एवढंच म्हणाली. दहा मिनिटांनी मला उठवून तोंड धुवायला लावलं, गेटपर्यंत आणून सोडलं.

ती पाटी मी विसरू शकत नाही. तिच्याकडे तेवढाच अधिकार होता, एक पाटी लावण्याचा, आणि तो तिने माझ्यासाठी वापरला.

परत आल्यावर त्या टर्मिनलवर दोनदा शोधलं, भेटली नाही.

---

ज्वारीप्रेमी | मंगळवार, संध्याकाळी ५:२०

सुरंगीताई, जरा विषय सोडून. परभणीहून आलेली भाकरी मुंबईपर्यंत दोन दिवस मऊ राहिली असेल तर त्या घरची बाई निष्णात आहे. पीठ ताजं पाहिजे आणि उकळतं पाणी.

---

सोलापुरी_चादर | मंगळवार, संध्याकाळी ५:३३

मऊ कशाला पाहिजे, आमच्या सोलापूरची कडक भाकरी महिनाभर टिकते, पापडासारखी. प्रवासाला तीच.

---

ज्वारीप्रेमी | मंगळवार, संध्याकाळी ५:३६

दात असतील तर 😀

---

सुरंगी | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

मऊ होत्या हो, एका जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या. आम्ही कोकणातली माणसं, तांदळाची भाकरी खाणारी. आई त्यानंतर ज्वारी आणायला लागली. तिला नीट थापता येत नाही, कडा फाटतात, पण बाबांच्या तिथीला ती ज्वारीचीच भाकरी करते. भटजींनी एकदा विचारलं होतं, तिने उत्तर दिलं नाही.

---

कीर्तनवेडा | मंगळवार, रात्री ९:००

धर्मशाळेचं नाव वाचलं आणि राहवलं नाही. गाडगेबाबांचा एकुलता मुलगा गोविंदा गेला ती बातमी त्यांना १९२३ साली कीर्तन चालू असताना मिळाली, आणि ते गाव होतं खारेपाटण. म्हणजे तुमच्या लांज्यापासून राजापूर ओलांडलं की पुढे आलंच. बाबा तेव्हा कीर्तन न थांबवता बोलत राहिले असं सांगतात. आणि याच माणसाने पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे परक्या माणसांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतः कधी त्यात मुक्कामी राहिले नाहीत. तुमचे वडील ज्यांच्या नावाच्या छपराखालून शेवटचे गेले त्या बापाचंही दुःख तुमच्याच मुलखात झालेलं आहे.

---

स्पष्टच | मंगळवार, रात्री ९:२५

बाबांबद्दल पूर्ण आदर आहे, पण त्यांचं उदाहरण घरच्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की मला रडायचीच चोरी झाली. संतांना जमतं ते आम्हाला जमत नाही. परभणीच्या बाई रडायला ताकद लागते म्हणाल्या, म्हणजे रडणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मला ते जास्त जवळचं.

---

कीर्तनवेडा | मंगळवार, रात्री ९:४०

मान्य आहे ताई. मी दुसऱ्या अंगाने म्हणत होतो, पण तुमचं बरोबर आहे, दुःखात असलेल्याला उदाहरणं देऊ नयेत.

---

रात्रपाळी | बुधवार, पहाटे ४:१०

मी नर्स आहे, मिरजेकडे, बावीस वर्षं झाली. ड्युटीवर आहे, आत्ता वॉर्ड शांत आहे म्हणून लिहितेय.

तुम्ही सगळे ज्या अनोळखी माणसांबद्दल लिहिताय तसं आमचं कामच आहे, रोजचं. माणूस गेलं की नातेवाईकांना आत घेण्याआधी आम्ही पाच मिनिटं मागतो. लोक वैतागतात, का थांबवलं म्हणून. त्या पाच मिनिटांत नळ्या काढतो, तोंड पुसतो, बाई असेल तर मी केस विंचरते आणि वेणी घालते, नसेल जमत तर नुसती गाठ. डोळे मिटवते. बांगड्या, मंगळसूत्र काढावं लागलं तर गॉजमध्ये बांधून वर चिठ्ठी लावते. हे कुणी शिकवलं नाही, माझ्या सीनियर सिस्टर करायच्या ते बघून शिकले. नातेवाईकांना हे कळत नाही आणि कळू नये असंच आहे.

कोविडमध्ये तर मुलाबाळांना आत येताच यायचं नाही. एका आजोबांच्या मुलाने फोनवर विचारलं, शेवटी काही बोलले का. बोलले नव्हते. मी खोटं सांगितलं नाही, मी सांगितलं की त्यांचा हात माझ्या हातात होता. तो होता.

परत करावं का विचारलंत म्हणून सांगते. आमच्याकडे कुणी परत येत नाही, ज्या दारातून माणूस गेलं त्या दारात कोण येईल. एकदाच एक मुलगी आली होती, वर्षाने, आईच्या केसांची वेणी कुणी घातली विचारायला. मला इतकं बरं वाटलं की मी घरी जाऊन रडले. म्हणजे शोधायलाच पाहिजे असं नाही, पण शोधलंत तर त्या बाईंना ओझं वाटेल असं अजिबात समजू नका.

---

अण्णांचा_धाकटा | बुधवार, सकाळी ७:५०

@रात्रपाळी, सिस्टर, तुमचं वाचलं. मी त्या मुलांपैकीच एक आहे. एप्रिल २०२१, पुणे. वडिलांना शेवटचं पाहता आलं नाही, आम्ही दोघं भाऊ स्वतः पॉझिटिव्ह. स्मशानातून एका कर्मचाऱ्याचा फोन आला. त्या दिवसांत तिथे रांगा लागल्या होत्या, त्याला बोलायला वेळ नव्हता, तरी त्याने विचारलं, 'घरात काय म्हणायचात त्यांना?' मी म्हटलं, अण्णा. फोन चालूच होता. मी ऐकलं, त्याने पीपीई किटच्या आतून मोठ्याने हाक मारली, "अण्णा, मुलं घरी बरी आहेत, काळजी करू नका." आणि मग मशीनचा आवाज.

कागदावर पूर्ण नाव होतंच. त्याने घरातलं नाव विचारलं.

---

मॅपलचं_पान | बुधवार, सकाळी ८:१५

बापरे. झोप लागणार नाही आता.

---

भांडीवाला | बुधवार, सकाळी ११:०५

आमचं तीन पिढ्यांचं भांड्याचं दुकान आहे, नाव घालायचं मशीन मी स्वतः चालवतो, तीस वर्षं तरी झाली. सुरंगीताई, तुमची पहिली पोस्ट मी चार वेळा वाचली. एक सांगू का, रागावू नका, चुकत असेन तर सोडून द्या.

लग्नाच्या किंवा वास्तूच्या भांड्यावर आम्ही शेवटी 'सप्रेम भेट' घालतो, कुणाकडून आहे त्यांचं नाव घालतो. घरच्या वापराच्या भांड्यावर नुसतं आडनाव, बहुतेक तारीख नसते. नाव, त्याखाली एक ओळ, ती ओळ 'र्थ' ने संपते, आणि मग तारीख, अशी मांडणी आम्ही एकाच कामासाठी करतो. तेराव्याला किंवा वर्षश्राद्धाला वाटायच्या भांड्यांवर. स्मरणार्थ.

आणि तुम्ही 'के.' वाचताय ते 'कै.' असणार. मशीनची सुई वर उचलून मात्रा काढताना दुसरी मात्रा उथळ जाते, नवीन कारागिराची तर हमखास, आणि घासणीने आधी तीच पुसते. झाकण तिरकं धरा, कडेने टॉर्च मारा, वरून नाही. रेघ गेलेली असली तरी खाच राहते.

---

चहाबाज | बुधवार, सकाळी ११:१८

म्हणजे ते नाव त्या बाईंचं नाहीच...

---

मधुमालती | बुधवार, सकाळी ११:३०

सुरंगी, बघून सांग. नाही सांगितलंस तरी चालेल.

---

सुरंगी | बुधवार, रात्री ११:४८

डबा आईबरोबर इकडे आलाय. संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च कडेने मारला. दोन मात्रा आहेत. खालच्या ओळीत 'स्म' चा अर्धा भाग पण दिसतो.

म्हणजे २०१४ ला त्या बाई नवऱ्याला घेऊन तिथे आल्या त्याच्या पाच वर्षं आधी त्यांच्या नात्यातली कुणीतरी बाई गेली होती, आई, बहीण, जाऊ, लेक, मला माहीत नाही. आणि त्या डब्यात त्यांनी आम्हाला भाकरी दिली. आणि इतकी वर्षं मी आणि भाऊ त्या गेलेल्या बाईच्या नावाने या जिवंत बाईंना हाक मारतोय. मला खूप अपराधी वाटलं. मी तशीच आईकडे गेले, ती देवापाशी वाती वळत होती. म्हटलं, आई, त्या डब्यावरचं नाव त्यांचं नाही गं, कै. आहे ते.

आई म्हणाली, "माहीत आहे."

म्हटलं कधीपासून? तर म्हणाली, वडखळपासून. तेव्हा अक्षर नवं होतं, टपरीच्या ट्यूबलाईटखाली डबा उघडला तेव्हा झाकण तिच्या हातात होतं, तिने सगळं वाचलं. "वाचलं, आणि मग तो घास घशाखाली उतरला. त्याआधी उतरत नव्हता."

मी विचारलं, मग आम्ही चुकीच्या नावाने बोलायचो तेव्हा का नाही सांगितलंस एवढी वर्षं? बराच वेळ वाती वळत राहिली. मग म्हणाली, "ती कोण होती देव जाणे. तुम्ही दोघं घेत होतात नाव, चांगलं होतं की. कुणाच्या तरी तोंडात राहिलं."

शोधायचं का ते अजून ठरत नाहीये. आईला विचारलं तर म्हणते, तिचा नवरा बरा झाला असेल असं मी धरून चाललेय, ते मला तसंच धरू दे. डब्यात तिने कुळथाचं पीठ भरून ठेवलंय. घासताना झाकण आता मी घासणीने नाही, नुसत्या हाताने धुणार.

भांडीवाले दादा, तुमचे आभार कसे मानू.

---

भांडीवाला | गुरुवार, सकाळी १०:२०

आभार नको ताई. झिजलेलं नाव त्याच खाचेवरून परत घालता येतं, वळण तेच राहतं, दुसरं अक्षर वाटणार नाही. ते वर्ष आणि तारीख पण उठवून देईन. कधी कल्याणला आलात तर निरोप करा, पैसे घेणार नाही. फक्त आणताना पीठ काढून आणा, मशीनच्या थरथरीने उडतं.